नव्या श्रमसंहिता आणि समान वागणूक : मालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० (पुढे नुसती ‘सुरक्षा संहिता’) या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. कारखानदार, दुकानदार, छोट्या कंपन्या आणि संस्थाचालक त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. भर समानतेवर आहे, आणि त्याला कारण आहे. भेदभाव झाला की नाही हे आता भिंतीवरचे धोरण वाचून ठरणार नाही. पगारपत्रक उघडून ते मोजले जाईल.

जुने कायदे संपले का?

केंद्राचे २९ कामगार कायदे या चार संहितांत सामावले गेले. समान वेतन कायदा १९७६, किमान वेतन कायदा १९४८, बोनस कायदा १९६५, ग्रॅच्युइटी कायदा १९७२ आणि प्रसूती लाभ कायदा १९६१ हे त्यातलेच. जुन्या कायद्यांखालचे नियम मात्र नवे नियम येईपर्यंत चालू राहतात, संहितेशी विसंगत नसतील तिथवर.

काही कायदे संहितांच्या बाहेरच आहेत आणि पूर्वीसारखेच लागू आहेत. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा, दिव्यांग हक्क कायदा २०१६, एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ आणि तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा २०१९ हे ते कायदे. ‘आता सगळे चार संहितांत आले’ असे कोणी सांगितले, तर ही यादी त्याच्यापुढे ठेवा.

आमच्याकडे सहाच माणसे आहेत. आम्हाला यातले काय लागू?

वेतन संहितेतील किमान वेतन, वेळेवर पगार आणि समान वेतन या तरतुदींना माणसांच्या संख्येची अट नाही. एकच नोकर असला तरी त्या लागू आहेत. पूर्वी किमान वेतन फक्त अनुसूचित, म्हणजे सरकारी यादीतल्या उद्योगांपुरते होते, ती मर्यादाही गेली.

बाकी ठिकाणी आकडे लक्षात ठेवावे लागतात. दहापासून सुरक्षा संहिता, प्रसूती लाभ आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीसपासून बोनस आणि तक्रार निवारण समिती. पन्नासपासून पाळणाघर आणि कंत्राटी कामगारांबद्दलच्या तरतुदी. तीनशेपासून स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींची लेखी नियमावली, आणि कारखाना असेल तर कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी. मोजणी करताना एक चूक हमखास होते. कुठे ‘कर्मचारी’ मोजायचे असतात आणि कुठे ‘कामगार’, हे पाहिलेच जात नाही. कर्मचारी या शब्दात व्यवस्थापकही येतो. औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा कामगार धरला जात नाही, आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त घेणारा पर्यवेक्षकही नाही.

‘वेतन’ म्हणजे नेमके काय? मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा करायलाच हवा का?

मूळ पगार निम्मा करा असे संहिता म्हणत नाही. तिची पद्धत अशी आहे. एकूण मोबदल्यातून आधी वगळायच्या बाबी बाजूला काढायच्या. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने द्यावा लागणारा बोनस वगैरे. या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनात परत मिळवायची.

उदाहरण घेऊ. महिना ४०,००० रुपये : मूळ पगार व महागाई भत्ता १४,०००, विशेष भत्ता २,०००, घरभाडे १४,०००, प्रवास ६,०००, कमिशन ४,०००. वगळायच्या बाबी झाल्या २४,०००, निम्मे म्हणजे २०,०००. वरचे ४,००० परत वेतनात आले. वेतन झाले १६,००० अधिक ४,०००, म्हणजे २०,०००.

इथे ‘विशेष भत्ता’ वगळलेला नाही, हे नीट पाहा. वगळायच्या यादीत नोकरीच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च भागवण्याची रक्कम आहे. नावापुरता ‘विशेष’ म्हटलेला भत्ता त्यात बसत नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना सरसकट बाहेर ठेवलेला असतो, आणि पुढचे सगळे हिशेब तिथूनच चुकत जातात.

ग्रॅच्युइटीवर होणारा परिणाम लगेच दिसतो. १४,००० धरले तर एका वर्षाचे १५ भागिले २६ प्रमाणे सुमारे ८,०७७ रुपये होतात. २०,००० धरले तर सुमारे ११,५३८.

मग हातात येणारा पगार कमी होणार का?

भविष्य निर्वाह निधीची वर्गणी १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापली जात असेल आणि मूळ वेतन आधीच तेवढे किंवा त्याहून जास्त असेल, तर नाही. आतापर्यंत मर्यादेपेक्षा कमी मूळ वेतनावर वर्गणी कापत आला असाल, तर कपात वाढेल. ती का वाढली याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण पगाराच्या पावतीसोबत द्या. गैरसमजातून होणारी निम्मी भांडणे तेवढ्याने टळतात.

समान वेतन तपासतानाही हाच २०,००० चा आकडा धरायचा का?

नाही. बहुतेक मालक इथेच फसतात. स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांचे वेतन समान आहे का हे पाहताना प्रवास भत्ता, घरभाडे भत्ता, निवाड्याने किंवा तडजोडीने मिळणारी रक्कम आणि ओव्हरटाइम हे चारही परत मोजायचे असतात. वरच्या उदाहरणात हा आकडा ३६,००० होतो, फक्त कमिशन बाहेर राहते. म्हणजे एकाच माणसाचे दोन आकडे ठेवावे लागतात. ग्रॅच्युइटी-निधीसाठी एक, समानतेसाठी दुसरा.

मूळ पगार दोघांना सारखाच, पण ‘गाडी आहे म्हणून’ पुरुषांना जास्त प्रवास भत्ता, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी आढळते. पहिल्या आकड्यात हा फरक दिसत नाही, दुसऱ्यात लगेच दिसतो. आणि कमिशन मोजणीत नाही म्हणून त्याचा दर वेगवेगळा ठेवायला मोकळीक आहे, असेही नाही. सेवाशर्तींमध्ये लिंगावरून भेद करायला वेगळी मनाई आहेच.

‘समान काम’ कसे ठरवायचे? आमच्याकडे पदनावेच वेगळी आहेत.

पदनावाला किंमत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी हवी, कामाची परिस्थिती सारखी हवी, आणि फरक असलाच तर तो व्यवहारात महत्त्वाचा नसावा, ही कसोटी आहे. पॅकिंगच्या टेबलावर बायका ‘पॅकर’ आणि पुरुष ‘हेल्पर’ म्हणून नेमलेले असतात. दोघेही पेट्या भरतात, चिकटपट्टी लावतात, ढकलगाडीवर ठेवतात. हेल्पर आठवड्यातून एकदा ट्रकमध्ये माल चढवतो म्हणून त्याला महिना २,५०० जास्त. हा फरक टिकणे अवघड. माल चढवण्याच्या कामाचा वेगळा भत्ता ठेवा आणि जो कोणी चढवेल त्याला द्या, म्हणजे प्रश्न मिटतो.

तपासणी अशी करावी. आधी प्रत्येकाचे प्रत्यक्ष काम पाच-सहा ओळींत लिहून काढा. हे लाइनवरच्या मुकादमाला विचारून लिहा, नेमणूकपत्र पाहून नको. मग पदनाव झाकून कामांचे गट पाडा. प्रत्येक गटात वरचा दुसरा आकडा तासाच्या दराने मांडा, म्हणजे अर्धवेळ माणसेही तुलनेत येतील. जिथे फरक दिसेल तिथे कारण लिहा. अनुभवाची वर्षे, परवाना किंवा प्रमाणपत्र, रात्रपाळी, मोजलेले उत्पादन ही कारणे चालतात. ‘आधीच्या नोकरीत त्याला जास्त होते’ हे कारण लंगडे आहे, कारण आधीच्या मालकाने केलेला भेद तुम्ही पुढे चालवता. ‘तिने जास्त मागितलेच नाही’ हे तर लिहूच नका. शेवटी तक्त्यावर तारीख आणि तयार करणाऱ्याची सही घाला.

फरक मिटवायचा तो कमी असलेल्याचे वाढवून. जास्त असलेल्याचे कापायला संहितेने थेट मनाई केली आहे. पैसे नाहीत ही सबबही जुनीच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीच्या समान वेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच ती फेटाळली, आणि युनियनशी करार झाला होता हा बचावही मान्य केला नाही. काम समान आहे की नाही यावरच वाद झाला, तर सरकारने नेमलेला अधिकारी तो ठरवतो.

तक्रार झाली तर पुरावा कोणी द्यायचा?

वेतन कमी दिले, दिलेच नाही किंवा बेकायदा कापले असा दावा आला की पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि देय रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तेच घडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी निरीक्षक-तथा-सुविधाकाराने, म्हणजे संहितेखालच्या सरकारी निरीक्षकाने, चूक सुधारायला मुदत द्यायची असते. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा सापडली तर ही मुदत मिळत नाही. म्हणून पहिली लेखी सूचना आणि तिच्यावर काय केले त्याचे उत्तर, दोन्ही जपून ठेवा.

जुन्या लोकांनाही नेमणूकपत्र द्यावे लागते का?

हो. सुरक्षा संहिता लागू असलेल्या आस्थापनेत ज्यांना आधी पत्र दिलेच नव्हते, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. ती मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. राहून गेले असेल तर आज द्या, पण तारीख मागची घालू नका. मागची तारीख आणि नव्या संहितेचा उल्लेख एकाच कागदावर आले की खोटेपणा कागदच सांगतो.

महिलांना रात्रपाळीत ठेवता येते का? की ठेवलेच पाहिजे?

सुरक्षा संहितेनुसार सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर महिलांना नेमता येते. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी मात्र त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात संमतीची वेळ रात्री ९.३० ते सकाळी ७ अशी आहे. एकाच मालकाचा कारखाना आणि शोरूम असेल तर दोन्हीकडच्या वेळा वेगळ्या असू शकतात.

संमती लेखी घ्या आणि ती पाळीच्या वेळापत्रकाशी जोडा. नेमणूकपत्रात ‘आवश्यकतेनुसार रात्रपाळी मान्य आहे’ एवढे एक वाक्य टाकून आयुष्यभराची संमती घेतल्याचे दाखवणे धोक्याचे. संमती मागे घेण्याचा सोपा रस्ता ठेवा, आणि नकार दिला म्हणून पगारवाढीत मागे टाकू नका.

उलटी चूकही होते. ‘रात्रपाळी असल्याने फक्त पुरुष उमेदवार’ अशी जाहिरात. भरतीत लिंगावरून भेद करायला वेतन संहितेत मनाई आहे. एखाद्या कामावर महिलांना नेमायला कायद्यानेच बंदी किंवा मर्यादा असेल, तेवढाच अपवाद. ‘रात्रपाळीत काम करण्याची तयारी हवी’ असे लिहा, बाकी उमेदवार ठरवेल.

प्रसूती रजेत काय बदलले?

मुख्य हक्क तेच आहेत. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर १२ आठवडे. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले हवे. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनाने पैसे द्यायचे, आणि इथे वेतनाची नवी व्याख्या लागते. मूळ पगार फार कमी ठेवलेल्या ठिकाणी ही रक्कम त्यामुळे वाढू शकते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या बाईला हा लाभ योजनेतून मिळतो.

ठरावीक मुदतीचा करार रजेच्या मध्यात संपतो, तिथे गोंधळ उडतो. करार संपला तरी प्रसूती लाभ पूर्ण मुदतीचा द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात म्हटले आहे. परिवीक्षाधीन (प्रोबेशनवरच्या) बाईलाही ८० दिवसांची अट पूर्ण झाली की हक्क आहे.

परत आल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि तिथे दिवसातून चार भेटी. सामायिक पाळणाघरही चालते. औद्योगिक वसाहतीत शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून चालवणे परवडते, मात्र खर्चाचा वाटा आणि देखरेख कोणाकडे हे लिहून ठेवा.

ठरावीक मुदतीवर माणसे घेतली तर खर्च वाचतो का?

पगारात वाचत नाही. त्यांचे तास, वेतन, भत्ते आणि इतर लाभ तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी ठेवता येत नाहीत, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष पुरते. ‘११ महिन्यांचा करार, मग एक महिना खंड’ हा जुना खेळ यापुढे महागात पडेल. खंड खरा होता की कागदावरचा, हे हजेरीपट आणि गेटपास सांगतात.

तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत समिती एकच केली तर चालेल?

चालणार नाही. दोन्हींचे कायदे वेगळे, रचना वेगळी.

तक्रार निवारण समिती वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागते. मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येत, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष एका बाजूकडे, पुढचे वर्ष दुसऱ्या बाजूकडे. महिलांचे प्रमाण एकूण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको. समजा ६० कामगारांत २१ महिला आहेत, म्हणजे ३५ टक्के. सहा जणांच्या समितीत दोन महिला हे ३३ टक्के होतात, तेवढे पुरत नाही. तीन हव्यात. आठ जणांच्या समितीतही तीन पुरतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज, आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचे.

अंतर्गत समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. प्रत्येक शाखेला वेगळी समिती लागते, मुख्यालयातली एकच पुरत नाही. इथे कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ माणसेही कर्मचारी धरली जातात. तक्रार तीन महिन्यांत, कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत.

चौकशी बाद ठरते ती सहसा रचनेतल्या दोषाने. बाहेरचा सदस्य नेमलेलाच नसतो, तीन वर्षे उलटून गेलेली असतात, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखालची बाई अध्यक्ष असते. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कंपन्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ पासून संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त रखडल्या हे आकडे द्यावे लागतात.

लैंगिक छळासाठी नोकरीतून काढलेल्या आणि दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याचा बोनसचा हक्कही वेतन संहितेने काढून घेतला आहे. हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

दिव्यांग, तृतीयपंथी आणि एचआयव्हीबाधित कर्मचाऱ्यांसाठी काय करायचे?

दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सोयीसुविधा आणि संपर्क अधिकारी हे धोरणात यावे लागते. इंटरनेटवरून उचललेल्या धोरणात ‘रॅम्पची सोय आहे’ असे असते आणि दारात तीन पायऱ्या असतात. जे आहे तेवढेच लिहा, जे करायचे आहे त्यापुढे तारीख घाला.

तृतीयपंथी व्यक्तींबाबत भरती, बढती आणि इतर बाबींत भेदभावाला मनाई आहे आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. सुरक्षा संहितेत स्नानगृह आणि लॉकर रूमच्या सोयींत तृतीयपंथी कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. वैद्यकीय तपासणीचे पॅकेज लॅबने ठरवलेले असते आणि त्यात ही चाचणी आपोआप येते. ती काढायला लेखी सांगा.

जात, धर्म, वय यांवरून भेदभाव?

खासगी नोकरीत या सर्वांना कवेत घेणारा एकच सर्वसाधारण समानता कायदा भारतात नाही. म्हणून काहीही चालते, असा अर्थ काढू नका. गुणवत्ता सोडून कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे हे औद्योगिक संबंध संहितेत अनुचित कामगार प्रथा मानले आहे, आणि जातीवाचक अपमानाला अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. भरतीच्या अर्जातून जात, धर्म आणि ‘लग्न झाले आहे का’ हे रकाने काढून टाका. तुम्हाला त्यांचा उपयोग काही नाही, तक्रारदाराला मात्र आहे.

माणूस नोकरी सोडून गेला. हिशेब कधीपर्यंत?

राजीनामा असो, बडतर्फी असो किंवा कपात, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत. महिनाअखेरची वाट पाहता येत नाही. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवस. लॅपटॉप परत आला नाही म्हणून सगळाच पगार अडवून ठेवण्याची सवय सोडावी लागेल. कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही, आणि वस्तूच्या नुकसानीची कपात करण्याआधी त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. शेवटच्या दिवशी सामान घेण्याऐवजी दोन दिवस आधी घ्या आणि हिशेब त्याच दिवशी सुरू करा.

कंत्राटदाराने त्याच्या माणसांना पगार दिला नाही, किंवा बायकांना कमी दिला, तर आमचे काय?

न दिलेला पगार शेवटी मुख्य मालकाला, म्हणजे ज्याचे काम कंत्राटावर चालते त्याला, द्यावा लागतो, मग तो कंत्राटदाराकडून किंवा त्याच्या बिलातून वसूल करता येतो. म्हणून बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचे बँक हस्तांतरणाचे विवरण मागा, नावनिशीवार, स्त्री-पुरुष रकान्यासह. एकूण रकमेचा एकच आकडा घेऊ नका. सफाईच्या कंत्राटात पुरुषाचा दर एक आणि बाईचा दुसरा, असे दरपत्रकातच छापलेले असते. ते दरपत्रक तुमच्या सहीने मंजूर झालेले असेल, तर नंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही.